बाईंनी पाडलेलं नाव

आमच्या अमरावतीच्या घरात कोणी कोणाला सरळ नावानं हाक मारायचंच नाही. वडील वकील. त्यांची जीभ कोर्टात चालायची त्याहून जास्त जेवणाच्या पाटावर चालायची. मोठा भाऊ 'तहसीलदार', कारण कुठलंही काम तो उद्यावर ढकलायचा. आई 'हायकोर्ट'. मी 'भोंगा', ते का हे माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा. घरी आलेल्या पाहुण्याला दोन दिवसांत नाव पडलं नाही, तर त्यानं खुशाल समजावं की आपण इथे कोणाला आवडलो नाही.

मास्तरीण झाले तेव्हा ही खोड मी वर्गात घेऊन गेले. नुसती नेली नाही, मिरवली. मूर्तिजापूरजवळच्या एका गावातली शाळा. मी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं जायचे, स्टेशनवरून पुढे ऑटोनं. पहिल्या पंधरा दिवसांत वर्गातल्या निम्म्या पोरांना नावं पडलेली असायची. एक 'कलेक्टर', एक 'मिरची', एक 'पावणेदहा', कारण तो रोज त्याच वेळेला उगवायचा. उरलेली पोरं मागे लागायची, "बाई, मले बी नाव द्या ना." तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, मॅडमचं पोरांशी काय नातं आहे! आणि मी फुगायचे. खोटं कशाला सांगू, चांगली टम्म फुगायचे.

तर ती पोरगी. तिचं खरं नाव इथे लिहिणार नाही. ती तिसरीत आली तेव्हा जुलै अर्धा सरला होता. तिची आई तेल्हाऱ्याकडून कायमची माहेरी आली होती. कारण तोंडावर कोणी विचारत नव्हतं, पण पाठीमागे गावाला सगळं तोंडपाठ होतं. पोरगी नीटनेटकी, दोन घट्ट वेण्या, आणि सगळ्यात हळू. दप्तरातून वही काढायला हळू, पाटीवर बेरीज मांडायला हळू. जेवायला तर विचारूच नका. खिचडीतला एकेक वाटाणा ती बोटानं बाजूला करायची, भात आधी, वाटाणे मग. घंटा झाली, सगळ्यांच्या ताटल्या धुऊन झाल्या, आणि हिच्या ताटलीत अर्धी खिचडी तशीच.

मी दारात उभी होते. म्हटलं, "अगं बाई! ही तर आमची गोगलगाय निघाली!"

सगळा वर्ग हसला. तिचा चेहरा मी पाहिलाही नाही, मला पुढचा तास घ्यायचा होता. एवढंच झालं. नाव पाडायला मला कधी जास्त वेळ लागला नाही.

त्या वर्षी सोयाबीनवर गोगलगायी आल्या. मी शहरात राहणारी, मला वाटायचं गोगलगाय म्हणजे बालवाडीच्या भिंतीवर रंगवतात तो गरीब, गोंडस प्राणी. शेतकऱ्याला विचारा. नुकतं उगवलेलं रोप रातोरात खाऊन मोकळ्या होतात, ओळीच्या ओळी साफ. संध्याकाळी शेतात ओली पोती टाकायची, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत टाकायच्या. बांधाला चुन्याचा पट्टा मारायचा, म्हणजे शेजारच्या शेतातून इकडे येत नाहीत. माझ्या वर्गातली पोरं शाळेआधी आईबापासंगं तेच करून यायची. त्यांच्या हातांना वास यायचा. "बाई, आज दोन बादल्या मारल्या," असं एकजण मोठ्या अभिमानानं सांगायचा आणि मी म्हणायचे, "शाब्बास! आता हात धू आणि पाढे म्हण."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एकाच वर्गात पोरं रोज सकाळी गोगलगायी मारून येतात आणि त्याच वर्गात एका पोरीला गोगलगाय म्हणतात, आणि ते नाव मी दिलेलं आहे, हे तीन धागे मला जोडता आले नाहीत. डी.एड. झालेली बाई मी. वीस वर्षांची नोकरी.

आधी खिचडी रांधणाऱ्या बाईंनी तक्रार केली. "बरणी पुन्हा खाली झाली बाई. कोन खाऊन राह्यलं एवढं मीठ?" मी म्हटलं, तुमचाच हात सैल झाला असेल. मग खडू संपायला लागले. मधल्या सुट्टीनंतर वर्गात यावं तर त्या पोरीच्या बसायच्या जागेभोवती फरशीवर पांढरी रेघ, चारी बाजूंनी. मला वाटलं, चौकटीत लंगडी घालतात तो बिल्लसचा खेळ. खडू वाया घालवता म्हणून मी अख्ख्या वर्गाला झापलं. ती रेघेच्या आत मांडी घालून बसली होती. रेघेला पाय लागू नये म्हणून गुडघे आवळून. मी तिलाच म्हटलं, "ऊठ, ते पुसून टाक." तिनं फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा होती.

तोवर तिनं जेवण सोडलं होतं. "मले भूक नाई बाई." मी समजले, घरून खाऊन येत असेल.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत 'मिरची' ओरडत ऑफिसात आली, चला, लवकर चला. ती पोरगी रेघेच्या आत बसलेली होती, दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून. ओरडत नव्हती, रडण्याचा आवाजही नाही. केसांत मीठ, वेण्यांच्या पेडांत मीठ, फ्रॉकच्या गळ्यातून पाठीवर मीठ. नळाखाली धरून डोळे धुतले. पाठ पुसायला फ्रॉकच्या मागची बटणं उघडली तर आत लाल पुरळ, जुनं आणि नवं. म्हणजे हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मी 'कधीपासून?' म्हणून विचारत सुटले. ती मात्र शांत होती, अगदी शहाण्यासारखी मान वाकवून उभी होती, आणि तेच मला सहन होईना.

वर्गात गेले आणि भोंगा काय असतो ते पोरांना त्या दिवशी कळलं. कोणी केलं? उभे राहा! कोणी उभं राहीना. शेवटी एक पोरगा उठला, तोच तो दोन बादल्यावाला. घाबरला होता, पण त्याला खरोखर समजत नव्हतं.

"बाई, मीठ टाकलं तं मरते का ते पाहून राहिलो होतो."

"अरे, माणूस आहे ती!"

"पन तुमीच तं म्हनलं होतं ना बाई, का हे गोगलगाय हाये."

वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी ओरडले, "चूप! वर तोंड करून बोलतो!" आणि त्याला कान धरून व्हरांड्यात उभं केलं. त्या दिवशी त्या शाळेत खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि शिक्षा झाली ती त्यालाच. मुख्याध्यापकांना मी सांगितलं, पोरांचा खेळ होता, जरा हाताबाहेर गेला. ते म्हणाले, मिटवून टाका मॅडम.

पोरगी शाळेत येईना. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. माझ्याच वयाची असावी असं वाटलं आधी, जवळ गेल्यावर कळलं की तिशीचीही नसेल. पोरगी दाराआड होती. तिचा नुसता पाय दिसत होता. मी सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगायचं ठरवून गेले होते तेवढं. पोरं चिडवतात, गोगलगाय म्हणतात, मीठ टाकलं, मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आता पुन्हा होणार नाही, माझी जबाबदारी.

आईनं भाजी निवडणं थांबवलं नाही. विचारलं, "हे नाव कोनं पाडलं जी?"

आजही मला तो प्रश्न जसाच्या तसा ऐकू येतो. दोन शब्दांचं उत्तर होतं.

"पोरांनीच," मी म्हटलं. "पोरं काय, कोणालाही काहीही म्हणतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं," आणि आत चहा टाकायला गेली. मी सुटले असं मला वाटलं. चहाही प्यायले वर.

पोरगी परत आली. येऊन बसायची, सांगितलेलं लिहायची, विचारलं तर मान हलवायची. जेवायची नाही. त्याच सुमारास आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, मुलांचं भावनिक आरोग्य वगैरे. अमरावतीहून एक ताई आल्या होत्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. हसरा, रडका, रागीट अशा चेहऱ्यांचा तक्ता दिला, रोज सकाळी मुलानं आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. मी तक्ता लावला. तिनं रोज हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, रोज, न चुकता, कारण तो पहिला होता आणि तिथून लवकर जागेवर जाता यायचं. मी पोरांना गोलात बसवून एकमेकांबद्दल चांगलं बोलायला लावलं. एकानं तिच्याबद्दल सांगितलं, "मीठ टाकलं तरी ते रडत नाई." त्याच्या लेखी हे कौतुक होतं.

आणि मग मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, वाईट नाव पुसायचं तर चांगलं नाव द्यावं. सकाळी भर वर्गात म्हटलं, "आजपासून हिला सगळ्यांनी परी म्हणायचं. काय म्हणायचं?" "परीऽऽ!" दुपारपर्यंत त्याचं 'परी गोगलगाय' झालं होतं. नावानं झालेली जखम दुसऱ्या नावानं भरायला निघालेली बाई! वकिलाची लेक ना मी. आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही आलं नसतं की माणसाला जे नाव आहे तेच नीट घ्यावं.

ते मला सुचलं नाही, थकून तिथे पोचले. एका दुपारी दुसरं काही करायचं उरलं नव्हतं, म्हणून मी माझा डबा घेऊन तिच्या शेजारी फरशीवर बसले. तिला तिच्या नावानं हाक मारली, पूर्ण, हजेरीत आहे तसं. म्हटलं, मी जेवते, तुला वाटलं तर तू जेव. आणि हळू जेवले. फार कठीण असतं हो हळू जेवणं! वीस वर्षं मी उभ्या उभ्या दहा मिनिटांत डबा उरकलेला. पहिल्या दिवशी तिनं हात लावला नाही. आठवडाभर नाही. मग एक दिवस तिनं ताटलीतला एक वाटाणा बाजूला केला. मी माझ्या डब्यातला तुरीच्या डाळीचा एकेक घास चघळत बसले. घंटा झाली, आम्ही दोघी जेवतच होतो. घंटेला म्हटलं, वाजत राहा तू.

असे दोनेक महिने गेले. वर्गाला मी एकच नियम घातला, या वर्गात आता कोणाला पाडलेलं नाव नाही, कलेक्टरला नाही आणि मिरचीलाही नाही. पोरं हिरमुसली. 'पावणेदहा' तर रडला, त्याला ते नाव फार आवडायचं. दिवाळीनंतर खडूची रेघ दिसली नाही. एक मुलगी आपली ताटली घेऊन आमच्याजवळ येऊन बसायला लागली. मग दुसरी.

एकदा जेवताना ती आपणहून बोलली. "बाई, माणूस मिठानं विरघळत नाई."

"नाही विरघळत," मी म्हटलं.

"मले मालूम हाये. मी घरी हातावर ठेवून पाह्यलं. ओला करून बी पाह्यला हात. चार दिवस पाह्यलं. काईच नाई होत."

आठ वर्षांची पोरगी चार दिवस तळहातावर मीठ घेऊन बसली होती, आपण विरघळतो की नाही हे पाहायला. सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं, की ते नाव मी दिलं, तुझं काही चुकलं नव्हतं, चूक माझी. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी म्हटलं, "शहाणी आहेस तू." भित्री मेली मी.

जानेवारीत ती वर्गात उभी राहून धडा वाचायला लागली. मुख्याध्यापकांनी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत मला बोलायला सांगितलं, चिडवल्या जाणाऱ्या मुलांना कसं सावरावं यावर. आणि मी बोलले! चांगली वीस मिनिटं बोलले. शेजारी बसून जेवणं, पूर्ण नावानं हाक मारणं, घाई न करणं, सगळं सांगितलं. एकानं विचारलं, मॅडम, ते नाव पडलं कसं होतं? मी म्हटलं, मुलं कुठून काय उचलतील सांगता येत नाही. टाळ्या पडल्या, गुलाबाचं फूल मिळालं. परतीच्या गाडीत मला स्वतःची अशी किळस आली की फूल मी सीटखाली टाकलं. घरी नवऱ्याला म्हटलं, उद्या जाऊन तिच्या आईला सांगते. तो उद्या एप्रिलपर्यंत आला नाही.

परीक्षा संपल्यावर आईच शाळेत आली. तिला मूर्तिजापूरला अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम लागलं होतं, खोली घेतली होती, पोरीचा दाखला न्यायला आली होती. मुख्याध्यापक बाहेर गेले होते. दाखला मीच भरत होते. पोरगी बाहेर पटांगणात, ऐकू जाणार नाही इतक्या लांब, चपलेच्या पट्ट्याशी खेळत होती. आई म्हणाली, "पोरगी जेवाले लागली बाई. वाचाले लागली. तुमी रोज तिच्यासंगं बसल्या."

आता नाही तर कधीच नाही. पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना, ते नाव कोणी पाडलं. मी खोटं बोलले. ते नाव मी पाडलं होतं. भर वर्गात, मीच."

तिला धक्का बसेल, ती चिडेल, शिव्या देईल, कशालाही मी तयार होते. ती म्हणाली, "मले मालूम हाये."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? तिनंच. पह्यल्याच दिवशी. उड्या मारत घरी आली. म्हने, माय, बाईनं मले नाव देल्लं. इथं आल्यापासून पह्यल्यांदा हासली होती ते."

मी म्हटलं, "मग माहीत होतं, तर मला विचारलं कशाला?"

"तुमी काय म्हनता ते पाहाले." आवाज चढला नव्हता, ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "तुमी 'हो, म्या पाडलं' म्हनलं असतं तं मी काईच बोलली नसती बाई. मजाक सारेच करतात, आमी बी करतो. पन पोरगी दाराआड उभी होती. तुमी चहा पिऊन गेल्या, आन् ते मले इचारते, माय, मलेच खोटं आठवून राह्यलं का व?"

"मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"काय सांगू? बाई खोटं बोलल्या म्हनून सांगू? तिले उद्या त्याच शाळेत धाडाचं होतं. म्या म्हनलं, हो, तुलेच खोटं आठवते." ती दारातून पटांगणातल्या पोरीकडे पाहत होती. "माह्याच तोंडून वदवून घेतलं तुमी ते."

मी दाखल्यावर सही केली. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' लिहिलं. आईनं कागद घडी करून पदराला नाही, पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि चालायला लागली. मी उठून पटांगणात गेले, पोरीसमोर वाकले, तिच्या नावानं हाक मारली आणि म्हटलं, "तुला खरंच आठवत होतं. ते नाव मीच दिलं होतं तुला."

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं कोण बोलतंय ते तिला ठरवता येत नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला आपल्या बाईवर विश्वास ठेवायचा तर आईला खोटं पाडावं लागत होतं, आणि ही वेळ तिच्यावर मी आणली होती. तिनं फार विचार केला. मग, मोठ्या माणसांशी बोलावं तसं, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली,

"नाई बाई. पोरांनीच पाडलं होतं."

आणि आईचा हात धरून निघाली. फाटकाशी वळून "येतो बाई" म्हणाली. यावर "ये" म्हणायचं असतं. कुठल्या तोंडानं म्हणणार होते?